बाबांचा उंचवटा

९ फेब्रुवारी

ती. बाबा,

माझ्याशी फोनवर बोलायचं नाही असं तुम्ही ठरवलेलं दिसतंय. परवा दादाच्या घरी फोन केला तर तुम्ही स्वतःच उचललात, "ते झोपलेत" म्हणालात आणि ठेवून दिलात. आवाज बदलायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत. म्हणून हे पत्र लिहितेय. झोपलेल्या माणसाच्या उशाशी ते ठेवता तरी येतं.

तुमच्या वाढदिवसाच्या जेवणात मी जे बोलले ते बोलायला नको होतं, असं आई सोडून सगळ्यांचं मत आहे. आईचं म्हणणं, बोलायला हरकत नव्हती, पण जेवणं उरकेपर्यंत थांबायचं. आता बोलून गेले ते गेले. खाडीच्या तोंडाशी नकाशावर तुमच्या नावाने छापलेला उंचवटा आम्हाला सापडत नाहीये, हे मी तुमच्या जुन्या कचेरीतल्या मंडळींसमोर बोलले आणि मंडळी हसली. त्यांच्या हसण्याचा मात्र दोष माझा नाही. तुम्ही चमचा खाली ठेवलात, बॅग भरलीत आणि संध्याकाळच्या गाडीने दादाकडे निघालात. दारात आईला म्हणालात, "जिथे माझ्या उंचवट्याला जागा नाही, तिथे मलाही नाही." आई म्हणाली, "बरं, स्वेटर घ्या."

ती तुमच्याबरोबर का आली नाही असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "माझं कुणाशी भांडण झालेलं नाही. मी कशाला जाऊ?"

तर आता मुद्द्याचं. समुद्रतळाचा नवा नकाशा मार्चअखेर छापायला जायचाय आणि त्यावर सही माझी आहे. ज्या खात्याचे तुम्ही प्रमुख होतात, तिथे आता माझं टेबल आहे, आणि खात्याचा नियम तुमच्या वेळचाच आहे: तळाशी जे आहे ते दाखवायचं, नाही ते काढायचं. उंचवटा सापडला तर राहील. नाही सापडला तर मला तो पुसावा लागेल, आणि तो पुसला तर तुम्ही घरी याल असं मला वाटत नाही. म्हणून मी तो शोधणार आहे. अगदी जीव तोडून शोधणार आहे.

एक चांगली बातमी आहे. काल लाँचखाली ध्वनियंत्र लावून निघालो. ते पंख्यासारखा आवाज खाली सोडतं आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकून तळाचं चित्र काढतं. केर काढावा तसे आम्ही इकडून तिकडे फिरलो. चित्रात तळ दोन्ही कडांना वर उचललेला दिसतोय. तुमच्या उंचवट्याचा उतार असणार, असं मला मनापासून वाटतंय.

तुमची,
तोंडाळ धाकटी


१९ फेब्रुवारी

ती. बाबा,

माझंच पत्र मला परत आलं. लाल शाईने तपासून. "खाडीच्या तोंडाशी" खोडून तुम्ही "खाडीमुखाशी" केलंय, "मनापासून वाटतंय" याच्या खाली दोन रेघा मारून "वाटणे हे मोजमाप नव्हे" असं लिहिलंय, आणि शेवटी एक प्रश्न: "पाण्यातला आवाजाचा वेग मोजला होता का?" बाकी कशी आहेस, जेवतेस का, एक शब्द नाही.

बरं. नव्हता मोजला.

तुम्हाला काय सांगायचं, पण स्वतःची समजूत पटावी म्हणून लिहिते. कोमट पाण्यात आवाज जास्त वेगाने पळतो, थंड पाण्यात हळू. खारट आणि गोड्यातही फरक पडतो. म्हणून आधी पाण्याची तब्येत पाहणारं यंत्र वरपासून खालपर्यंत सोडायचं आणि मगच कामाला लागायचं. त्या दिवशी लाँच चालवणाऱ्या तांडेलाला जेवणाची घाई होती आणि मला उंचवट्याची. यंत्र पेटीतच राहिलं. त्यामुळे सपाट तळसुद्धा दोन्ही कडांनी वर उचललेला दिसला, म्हणजे थोडक्यात समुद्र मला हसत होता. खात्री करायला आम्ही बंदरातल्या गोदीत गेलो. गोदीचा तळ सिमेंटचा, कॅरम खेळता येईल इतका सपाट. तोही हसत होता.

मग सगळं पहिल्यापासून, नियमाने केलं. पाणी तपासलं, धक्क्यावरच्या पट्टीवर भरती वाचायला माणूस बसवला आणि पुन्हा तेवढंच फिरलो. आता तळ हसत नाही. इस्त्री केल्यासारखा पडलाय. तुमचा उंचवटा नकाशावर जिथे घराच्या एका मजल्याएवढा वर येतो, तिथे आम्हाला एका पायरीएवढाही चढ नाही.

म्हणून खचले नाहीये. यंत्रही चुकतं. तुम्ही म्हणाल तसं पुन्हा करीन.

दादाचा फोन आला होता. तुम्ही त्याच्या पाण्याच्या टाकीत आतून मोजपट्टी रंगवली म्हणे, आणि वहिनीला रोज सकाळी पातळी सांगता. दादा विचारत होता, तुमचं भांडण केव्हा मिटेल. वहिनी विचारत नव्हती, पण ती मागे उभी आहे हे कळत होतं.

आई मजेत आहे. तुमच्या खुर्चीत बसून शब्दकोडी सोडवते. खुर्ची रिकामी ठेवली की धूळ बसते, असं तिचं म्हणणं आहे. मी उंचवट्याबद्दल काही विचारायला गेले की ती म्हणते, "ते तुमचं तुम्ही बघा. मी आकडेमोडवाली. मला बोटीतलं काय कळतं?"

तुमची,
मोजूनमापून बोलायला शिकलेली धाकटी


३ मार्च

ती. बाबा,

या वेळी तुमची लाल शाई एकच ओळ बोलली: "यंत्राला विचारू नकोस. दोरी टाक."

टाकली. भांडारात सगळ्यात मागे तुमच्या काळातला शिशाचा गोळा होता, खूणगाठी बांधलेल्या दोरीसकट. भांडारपाल म्हणाला, "मॅडम, हा आम्ही दाराला अडसर म्हणून वापरतो." मी म्हटलं, आता काही दिवस दार हाताने धरा.

गोळ्याच्या बुडाला जो खळगा असतो त्यात साबण दाबायचा, म्हणजे तळाची वाळू चिकटून वर येते, हे तुम्ही मला शिकवलेलं लक्षात होतं. साबण आणायचा मात्र राहिला. तांडेलाने आंघोळीचा साबण काढून दिला.

"वासाचा आहे," तो जरा संकोचून म्हणाला. "बायकोने आणलाय."

"समुद्राला चालेल," मी म्हटलं.

"समुद्राला चालेल हो. घरी काय सांगू?"

दिवसभर दोरी टाकली. माझे हात सोलवटले, तांडेलाची पाठ धरली आणि लाँचवर गुलाबाचा आणि चिखलाचा मिळून असा काही वास सुटला की परत येताना धक्क्यावरची मांजरंसुद्धा बाजूला झाली. दर वेळी तीच खोली, भरती वजा जाता अकरा मीटर, आणि दर वेळी तोच मऊ करडा चिखल. जिथे तुमचा आकडा आठ आहे तिथेही अकरा.

मग मी जबडा सोडला. म्हणजे ते दोन लोखंडी पंजे, जे तळाला टेकले की मिटतात आणि मूठभर तळ घेऊन वर येतात. आमचा जबडा फार हळवा आहे. लाट आली की वाटेतच मिटतो आणि नुसतं पाणी घेऊन येतो, मोठं काम केल्यासारखा. बऱ्याच विनवण्यांनंतर चिखल घेऊन आला. दगड नाही, वाळू नाही. शेवटी कॅमेरा सोडला. त्यात पूर्ण वेळ एकच मासा दिसतो. तो भिंगासमोरून हललाच नाही. मागे उंचवटा असता तर त्याने तोही झाकला असता, अशी आशा मी थोडा वेळ धरली होती. मग तो कंटाळून गेला आणि मागे पुन्हा तोच चिखल होता.

वाळूचा असता तर वाहून गेला असेल असं म्हणता आलं असतं. पण तिथे वाळू नाहीच. बाबा, मी सगळं केलं. ऐकून पाहिलं, हाताने चाचपून पाहिलं, चावून पाहिलं आणि डोळ्यांनी पाहिलं. उंचवटा नाही.

आता एक तोडगा सुचवते, रागावू नका. नकाशावर "अस्तित्व शंकास्पद" अशी खूण असते ना, तुटक रेघेचं वर्तुळ? तुमचा उंचवटा मी त्या वर्तुळात ठेवते. नाव राहील. बोटी आजवर वळसा घालून गेल्या, पुढेही जातील. कुणाचं काही बिघडत नाही. छपाईवाल्यांना मी तसं सांगून ठेवलंय. तुम्ही फक्त घरी या.

तुमची,
हात सोलवटलेली धाकटी


१५ मार्च

ती. बाबा,

तुमचं पत्र. तुमचं स्वतःचं, निळ्या शाईतलं. दोनच वाक्यं, पण मी ती उभ्यानेच पुन्हा पुन्हा वाचली. "तळ काही लपवत नाही, त्याच्यावर शंका घेऊ नकोस. माझ्यावर घे."

मला वाटत होतं, मी उंचवटा काढतेय म्हणून तुम्ही चिडलात. आता कळतंय की मी काढत नाहीये म्हणून तुम्ही जास्त चिडलात. बाप दुखावेल म्हणून पोरीने समुद्र खोटा रंगवावा, हे तुम्हाला चारचौघांत हसं होण्यापेक्षा जास्त लागलं. मला याची लाज वाटली. छपाईवाल्यांना सांगून मी ते तुटक वर्तुळ काढून टाकलं.

आणि मग तुमच्यावर शंका घेतली. रीतसर, तुम्ही शिकवलीत तशी.

तुमचा जुना नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. तुम्ही शिस्तीचे. सकाळी बंदराच्या बाजूने सुरुवात करायची आणि एकेक ओळ पुरी करत संध्याकाळपर्यंत मोकळ्या समुद्राकडे सरकायचं. त्यामुळे तुमचे आकडे उजवीकडून डावीकडे वाचले की तो दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाचल्यासारखा होतो. मी एकेक ओळ वाचत गेले. पहिल्या ओळीत उंचवटा नाही. मग थोडासा. मग आणखी. मधल्या, म्हणजे दुपारच्या ओळींत पुरा एक मजला. मग उतरत उतरत शेवटच्या ओळीत पुन्हा काही नाही. दुसऱ्या दिवशीच्या ओळी जिथे सुरू होतात तिथे तर त्याचा मागमूसही नाही. इतका वक्तशीर उंचवटा मी पाहिला नव्हता. तो सकाळी उगवत होता आणि संध्याकाळी मावळत होता.

बाबा, आपल्या समुद्रात असं वागणारी एकच गोष्ट आहे. भरती.

मी लहान असताना तुम्ही मला बादलीत शिकवलं होतं: दोरी मोजते त्या पाण्यात भरतीचं पाणीही असतं, ते पाहुणं असतं, ते वजा करायचं, मग उरते ती खरी खोली. एकदा वजा केलं तर खरी खोली. दोनदा वजा केलं तर? भरती जेवढी, तेवढा तळ वर येतो. ओहोटीला काहीच नाही, ऐन भरतीला एक मजला. मी मागे रेलून बसले आणि आईला हाक मारली.

आईने कोडं बाजूला ठेवून नकाशा पाहिला. "भरती मी वजा करायचे," ती म्हणाली. "बोटीवरून यांचे कच्चे आकडे यायचे, मी वजाबाकी करून नकाशावाल्याला द्यायचे. रोजचं होतं ते."

"दोनदा केलीस कधी?"

"मला काय वेड लागलंय?"

"मग बाबांनी केली असेल. तुझ्याकडे द्यायच्या आधी."

"ते कशाला करतील? त्यांचं काम नव्हतं ते. आणि मला विचारल्याशिवाय..." तिने बोट उंचवट्यावर ठेवलं. "हा कधी सापडला ते आठवतंय मला. दुसऱ्या दिवशी कचेरीत सगळ्यांना चहा होता. मी प्यायले नाही. आदल्या दिवसापासून ताप होता मला, पण कुणाला बोलले नव्हते. नवीन होते ना. लग्नसुद्धा ठरलं नव्हतं आमचं तेव्हा."

मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "विचार त्यांना."

म्हणून विचारते. त्या दिवशी बोटीवर तुम्ही भरती वजा केली होतीत का? आईने जेवण केलं नाही. भूक नाही म्हणाली. तुमच्या खुर्चीतही बसली नाही.

तुमची,
शंका घेणारी धाकटी


२६ मार्च

ती. बाबा, आणि आता आईसुद्धा,

बाबांची बॅग घेऊन लगेच येतो म्हणून तुम्ही दोघं दादाकडे गेलात आणि तिकडेच रमलात. मी एक माणूस परत आणायला निघाले होते, माझं होतं तेही गेलं. दादा आता फोनवर रडकुंडीला आलेला असतो. म्हणे सकाळी फिरायला जाता ते वजाबाकीवर भांडत, आणि येता तेही भांडत, पण एकमेकांचा हात धरून रस्ता ओलांडताना वहिनीला दिसता.

एक कबूल करायचं आहे. बाबा, तुम्ही पहाटेच्या गाडीने आलात, माझ्याकडे न बघता आत गेलात आणि आईसमोर बसलात, तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा करत नव्हते. चहा केव्हाच झाला होता. मी ऐकत होते.

तुम्ही म्हणालात, "त्या दिवशी तुला ताप होता."

आई म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? सकाळी धक्क्यावर कागद द्यायला आलीस तेव्हा डोळे लाल होते. म्हटलं, वजाबाकी बोटीवरच करून टाकू, पोरीला लवकर घरी जाता येईल."

"मग तसं लिहायचं नाही का वर?"

"लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, हा कोण माझं काम करणारा."

आई म्हणाली, "म्हटलं असतं. आणि मी ताप अंगावर घेऊन सगळे आकडे पुन्हा वजा केले. म्हटलं, या माणसासमोर कामचुकार ठरायला नको."

त्यानंतर तुम्ही दोघं जे भांडलात तसं भांडण मी जन्मात ऐकलं नव्हतं. "चूक माझी." "तुमची कशी? चुकीची वजाबाकी मी केली." "तू दुसरी केलीस. पहिली मी केली." "अहो, पहिली बरोबरच असते. दुसरी चुकते." "न सांगता केलेली पहिलीच चुकते." आणि मग बाबा, तुम्ही हसलात. मला इतकं बरं वाटलं की ओट्याला टेकून मी जरा रडून घेतलं. तुम्ही आत डोकावलात, तेव्हा मी कांदा चिरतेय असं दाखवायला कांदाही नव्हता. तुम्ही म्हणालात, "काढून टाक," आणि कपबशी घेऊन बाहेर गेलात.

काढला. काल संध्याकाळी. त्या जागी आता अकरा लिहिलंय, आजूबाजूला आहे तसंच अकरा. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मी शाळेत असताना नकाशावर तो दाखवून मैत्रिणींना सांगायचे, हा आमचा. साहेबांना उंचवटा काढण्याचं कारण सांगावं लागलं. मी म्हटलं, भरती दोनदा वजा झाली होती. ते म्हणाले, चूक कुणाची? मी म्हटलं, त्यावर घरी अजून वाद चालू आहे.

आज लाँच त्या बाजूला नेली. तांडेलाने सवयीने वळसा घेतला. मी म्हटलं, सरळ जा, काही नाहीये तिथे. तो म्हणाला, "ठाऊक आहे हो, पण हात ऐकत नाही." मग चाक दोन्ही हातांनी घट्ट धरून सरळ गेला आणि पार झाल्यावर म्हणाला, "तुमच्या बाबांना सांगा, बूड कुठे लागलं नाही."

एक काम राहिलंय. नकाशाच्या कोपऱ्यात माझ्या सहीखाली "तपासणी" अशी ओळ असते. आजवर तिथे कुणाचंही नाव जायचं. मी तुमचं लिहिलंय बाबा, कारण चूक तळात नाही, माझ्यात शोध, हे तुम्हीच सांगितलंत, आणि असं सांगणारा दुसरा तपासनीस मला खात्यात माहीत नाही. "आकडेमोड तपासणी" या ओळीत आईचं लिहिलंय. सह्या महिनाअखेरपर्यंत व्हायला हव्यात, आणि त्या इथे येऊनच कराव्या लागतील. पोस्टाने चालतात का हे मी कुणाला विचारलेलं नाही, पण चालत नाहीत.

तेव्हा पत्र मिळताच पहिल्या गाडीने या. दोघंही या. आणि सही करण्याआधी एकदा एकमेकांना विचारा.

तुमची,
धाकटी